आजोबांनी युद्धातून आणलेली बाटली

हे खरं आहे, हे पटवायला मी देवाची शपथ घेणार नाही. मी कोहमाऱ्याला एका ऑनलाइन सेवा केंद्रात बसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, आधारची दुरुस्ती... दिवसभर लोकांचं खरं-खोटं माझ्याच हातून टाईप होतं. खोटं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. खोट्या अर्जात सगळे रकाने व्यवस्थित भरलेले असतात.

माझ्या गोष्टीत बरेच रकाने रिकामे आहेत.

आणि हो, या पेजवरच्या बहुतेक गोष्टी रात्री बारा वाजता घडतात. आमच्याकडे जे झालं ते दुपारी साडेबाराला, लख्ख उन्हात झालं. रात्री आमच्या घरी कधीच काही झालं नाही. रात्री आम्ही शांत झोपायचो.

तारीख १९ जानेवारी २०२५, रविवार. ठिकाण, कोहमाऱ्यापासून आठ किलोमीटर आत, जंगलाला लागून असलेलं आमचं गाव. नाव लिहीत नाही. लोक रील बनवायला येतात.

त्या दिवशी माझ्या आजोबांचा दहावा होता.

माझे आजोबा, लखन मडावी, फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबच्या सीमेवर होते. तिथून त्यांनी एक पाण्याची बाटली आणली होती. अल्युमिनियमची, गोल पोटाची. वरचं खाकी कापड माझ्या जन्माआधीच फाटून गेलेलं. पाकिस्तानी शिपायाची बाटली.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला आजोबा ती शाळेत न्यायचे. "दुश्मनाच्या हातातून हिसकली," म्हणून पोरांना दाखवायचे. पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवल्या आहेत, पहिल्या रांगेत बसून.

बाकी तीनशे चौसष्ट दिवस ते तिच्यातूनच पाणी प्यायचे. शेतात, जंगलात, तेंदूपत्त्याला, कुठंही. पन्नास वर्षं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आम्ही गोंड. माणूस गेला की त्याला असं सोडून देत नाही. दहाव्याला नाल्यावर जायचं, त्याच्या नावानं हाक मारायची आणि नव्या कोऱ्या मडक्यात तिथलं पाणी घेऊन यायचं. त्या पाण्यासोबत तो घरी येतो. घरात तांदळाचं पीठ पसरून वर टोपली झाकतात. थोड्या वेळानं टोपली उचलली की पिठावर खूण दिसते. पाखराची, मांजराची, कसलीही. खूण दिसली की आपला माणूस आला. मग तो घरातच राहतो, घराला सांभाळतो.

आम्ही नाल्यावर गेलो. बाबा, दुर्गेशकाका, मी आणि भावकीतले पाच-सहा जण. मनीराम हे माझे बाबा, आजोबांचे थोरले. दुर्गेशकाका धाकटे.

बाबांचा पाय शेवाळावर सरकला. मडकं दगडावर पडलं आणि फुटलं.

दुसरं मडकं आणायचं म्हणजे गावात परत जायचं. ऊन चढलेलं. सगळे सकाळपासून उपाशी. बाबा उठले आणि निघायला लागले, पण आजोबांची बाटली काकांच्या खांद्याला होती. आजोबांना आवडायची म्हणून सोबत आणलेली.

काका म्हणाले, "कायले वापस जाते दादा? बाबाचीच बाटल आहे ना हे. हिच्यातच पानी भर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

होय, मी मान हलवली. मला भूक लागली होती.

बाबांनी आजोबांना हाक मारली आणि बाटली बुडवली. बुडबुडे आले. बाटली लवकर भरेचना. तेवढ्याशा बाटलीला किती पाणी लागावं... बाबा वाकून बसले होते, बुडबुडे येतच होते.

घरी टोपली उचलली तेव्हा पिठावर दोन खुणा होत्या.

एक छोटी, तीन बोटांची, पाखराच्या पायासारखी.

दुसरी... अर्धगोल. कडेनं बारीक बारीक ठिपके. खिळे ठोकलेल्या बुटाची टाच.

काका हसले. "फौजी होता माहा बाप. बूट घालून आला!" सगळे हसले. आईनं डोळे पुसले.

फक्त मुन्नालालबाबा हसले नाहीत. ते आमचे भुमका, म्हणजे गावचे पुजारी. त्यांनी विचारलं, "मडका कोठं आहे?"

"फुटला."

"मंग पानी कायच्यात आणलं?"

बाबांनी बाटली दाखवली. मुन्नालालबाबांनी तिला हात लावला नाही, वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हाक एकाले मारली मनीराम. आले दोघं."

आणि हातानं पीठ पुसून टाकलं.

पहिले काही दिवस काही नाही.

मग एका दुपारी आई माझ्यावर ओरडली. "काऊन वो दिव्या, माठ रिकामा केला अन् भरून ठेवता येत नाई काय?" आमचा माठ पुढच्या छपरीत असतो. सकाळी बोरिंगवरून चार गुंड, म्हणजे चार घागरी पाणी आणून आई तो भरते. मी नुकतीच कोहमाऱ्याहून आले होते, माठाला हातही लावला नव्हता. मी उलट बोलले, तीही बोलली. आमच्या घरात भांडायला कारण लागतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी माठ पुन्हा रिकामा.

तिसऱ्या दिवशीही.

गळत असेल म्हणून बाबांनी माठ बदलला. खालची जमीन कोरडी ठणठणीत होती. नवा माठही दुपारी रिकामा. कोंबड्या छपरीत यायच्या बंद झाल्या. आमचा कुत्रा पायरीपर्यंत यायचा, माठाकडे बघायचा आणि मागे फिरायचा.

रविवारी मी ठरवून छपरीत बसले. वालाच्या शेंगा सोलत. माठ माझ्यापासून दोन हातांवर, काठोकाठ भरलेला. झाकणावर पेला पालथा घातलेला.

साडेबारा झाले.

आणि मग...

घट... घट... घट...

कुणीतरी पाणी पीत होतं.

पेला हलला नाही. झाकण हललं नाही. फक्त आवाज. खूप तहानलेला माणूस पिताना मध्येच थांबून श्वास घेतो ना... तसा तो थांबला. श्वास घेतला. मी ऐकला तो श्वास.

पुन्हा घट... घट... घट...

माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या.  आवाज थांबल्यावर झाकण उचललं.

माठाचा तळ दिसत होता.

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. काका म्हणाले, मोबाईल कमी बघ.  आई मात्र भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आली आणि खाली बसली.

"मामाजी मले बोलले होते," ती म्हणाली. आजोबांची शेवटची सेवा तिनंच केली होती. "हिसकली-बिसकली काई नाई. थो शिपाई पडला होता कालव्याच्या काठाले. जित्ता होता. पोटात लागलं होतं. बाटल छातीशी धरून पानी, पानी करे. मामाजीले दोन दिवसाची तहान. त्यायनं बाटल घेतली, तेथंच सगळी पिऊन टाकली अन् घेऊन आले. थो पाहत राहिला म्हणे."

 भाकरी करपल्याचा वास आला.

आमच्या घरात आजोबा आले होते की नाही, मला माहीत नाही. तो मात्र आला होता. आम्हीच त्याला त्याच्याच बाटलीत भरून आणलं होतं.

होळीनंतर बाबांना तहान लागायला लागली.

आधी आम्हाला वाटलं, ऊन. मग ते रोज बादलीभर पाणी प्यायला लागले. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. कोहमाऱ्याला तपासलं, गोंदियाला तपासलं, नागपूरला नेलं. साखर नॉर्मल. किडनी नॉर्मल. रिपोर्टांची फाईल जाड होत गेली आणि बाबा बारीक. धानाची पोती उचलणारा माझा बाप मे महिन्यात माझ्या खांद्याला धरून अंगणात जायचा. मी त्यांची सर्वांत लाडकी आहे, हे मला आयुष्यात कुणी सांगायची गरज पडली नव्हती. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मी मुन्नालालबाबांकडे गेले. म्हटलं, आणला तसा परत पाठवा त्याला.

"आणता येते बाई. नेता येत नाई," ते म्हणाले. "ज्याचा माणूस, त्याचेच लोक हाक मारतीन तवा जाईन. त्याचा तुमच्यावर राग नाई. त्याले फक्त तहान आहे."

राग असता तर बरं झालं असतं. रागावर काहीतरी उतारा असतो.

बाटलीच्या पोटावर खिळ्यानं काहीतरी कोरलेलं होतं. आम्ही त्याला नक्षी समजायचो. ती घेऊन मी गोंदियात उर्दू वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या टेलरचाचांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, बाटली उजेडात धरली.

"नाम है बेटा. सादिक. आगे लिखा है चक... चक मतलब उधर का गाँव. गाँव का नंबर भी लिखा था."

"कितना नंबर, चाचा?"

त्यांनी अंगठा फिरवला. "घिस गया. यहीं से पकड़ते होंगे रोज."

पन्नास वर्षं आजोबांची बोटं त्याच जागी होती.

तरी बाटली त्याच्या घरी पोचवायचे मी प्रयत्न केले. पोस्टात गेले, तिकडची पार्सलं बंद आहेत म्हणाले. माजी सैनिकांच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब भले होते, चहा पाजला. म्हणाले, "तुमच्यासारखं कुणी आलंच नाही आजवर. कोणत्या फाईलला लावू?" तक्रारीचं पोर्टल उघडलं. मी दिवसाला तीस अर्ज भरते, पण तिथं विषय निवडायच्या यादीत माझ्यासाठी काहीच नव्हतं. 'इतर' निवडलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.' दिल्लीतल्या पाकिस्तानच्या वकिलातीला ईमेल केला. त्याला उत्तर आलं नाही. साध्या कपड्यातली दोन माणसं मात्र घरी आली. आदरानं बोलली. "पाकिस्तानला काय पाठवून राहिल्या ताई?" मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. एकानं पाणी मागितलं.

दुपारचा एक वाजला होता. घरात थेंब नव्हता.

खरं भांडण मात्र घरातच पेटलं. काकांना बाटली ग्रामपंचायतीत ठेवायची होती. काचेच्या पेटीत, आजोबांच्या फोटोखाली.

"दुश्मनाची वस्तू वापस देतेत? तेही या दिवसांत?" काका ग्रामसभेत उभे राहून ओरडले. "माह्या बापानं जिंकून आणली. उद्या म्हणान, लढाईही वापस करा!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. तशाच, शाळेतल्यासारख्या.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. हातात लोटा. ते एवढंच म्हणाले, "बाबानं जिंकली नाई दुर्गेश. बाबानं तहानलेल्याची घेतली."

"मंग मेलेल्या बापाले चोर म्हणतेस?"

 पंधरा ऑगस्टला बाटली पेटीत गेली. हार घातला. फोटो ग्रुपवर आले. आमच्या माठातलं पाणी त्या दिवशीही साडेबाराला संपलं.

२२ सप्टेंबर. सोमवार. मी केंद्रात एका आजींचा अंगठा मशीनवर लावून घेत होते. बाबांचा फोन आला.

"मी गोंदियाले आहो. अमृतसरच्या गाडीत बसलो."

मला वाटलं तापात बोलताहेत.

"पंचायतीच्या शिपायाले चाबी मांगतली, त्यानं देली. बाटल संगं आहे. बॉर्डरजवर नेऊन ठेवतो बेटा. तेथून त्याच्या घरचे हाक मारतीन त आयकू येईन त्याले."

मी उतरा म्हणाले. रडले. पुढच्या स्टेशनवर उतरा, मी येते, आपण दोघं जाऊ म्हणाले. आजी अंगठा तसाच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"नोको रडू. बरं वाटून राहिलं मले," बाबा म्हणाले. आवाज खरंच बरा होता, कितीतरी महिन्यांनी. "गाडीत लय गर्दी आहे. लोक उभे आहेत. पण माह्या बाजूच्या जागेवर..."

"काय बाबा?"

"कोणी बसूनच नाई राहिलं. अन् दिव्या... आज मले तहान नाई लागली."

फोन कटला.

धावत घरी आले. आई छपरीत बसली होती. एक वाजून गेला होता.

माठ काठोकाठ भरलेला होता.

आठ महिन्यांत पहिल्यांदा. आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत बसलो. घरातून तो गेला होता. कुणाबरोबर गेला होता, तेही आम्हाला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन. बाबाच. एका फळवाल्याचा मोबाईल मागून घेतला होता.

"इकडचे लोक चांगले आहेत. जेवाले देतेत. बाबा सांगे थो कालवा इचारून राहिलो."

"बाबा, तिथंच बसा. काका आणि मी निघतोय. जागा सोडू नका."

"थांबत नाई आता. सादिक म्हणते, जवरच आहे."

मी पुढं काय बोलले आठवत नाही. बाबांनी फोन ठेवला होता. मी लगेच त्या नंबरवर लावला. फळवाला म्हणाला, "वो तो निकल गए जी. खेतों की तरफ."

"अकेले?"

"नहीं जी... दोनों पैदल निकल गए."

त्यानंतर बाबांची खबर नाही.

काका आणि मी अमृतसरला गेलो. दोनदा. बेपत्ता व्यक्तीचा अर्ज मी स्वतः भरला. 'सोबत असलेली व्यक्ती' असा रकाना होता. मी तो रिकामा सोडला. तिथल्या पोलिसांनी गाडीतून फिरवलं. दवाखाने, धर्मशाळा, गुरुद्वारे. शेवटी एका शेताशी नेलं. पुढं भाताची शेतं, अगदी आमच्यासारखी, आणि त्यापलीकडे तार. "इसके आगे हम भी नहीं जा सकते," ते म्हणाले. काका बांधावर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. ग्रामसभेत ओरडलेला तो आवाज. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नाल्यावर मान मीच हलवली होती.

बाबा जिवंत आहेत की नाहीत, कुणी सांगू शकत नाही. देह नाही, म्हणून दहावा नाही. भावकीतले म्हणतात, वर्ष जाऊ द्या, मग नाल्यावर जाऊन हाक मारू. आई ऐकत नाही. "जित्त्या माणसाले नाल्यावरून बोलावतेत काय?" म्हणते आणि कुंकू लावते.

मागच्या मंगळवारपर्यंत असं चाललं होतं.

मंगळवारी साडेबाराला तिचा फोन आला. मी घाबरून उचलला. ती हसत होती. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हसत होती.

"दिव्या... माठ रिकामा झाला वो."



"तुहे बाबा आले. आवाज आयकला मी. घट घट पिले. एवढ्या दुरून चालत आले, तहान लागलीच असन नं."

मी मुन्नालालबाबांना विचारलं.  ते एवढंच म्हणाले, "मनीरामले त आपण अजून हाक मारली नाई."

हे मी आईला सांगितलं नाही. कसं सांगू?

ती आता रोज सकाळी चारऐवजी सहा गुंड पाणी आणते. दुसरा माठ घेतला आहे. दुपारी छपरीत बाबांचं ताट वाढून ठेवते आणि माठाशेजारी बसून बोलत राहते. धानाला यंदा तुडतुडा लागला, दुर्गेशभाऊ रोज येऊन विचारपूस करतात, पोरीला एक स्थळ आलं आहे. समोरून फक्त पाणी प्यायचा आवाज येतो. मध्ये थांबून घेतलेला श्वास, तोच, त्या रविवारी मी ऐकलेला.

हे लिहितेय तेव्हा घड्याळात बारा चाळीस झालेत. आत्ताच तिचा फोन येऊन गेला.

"आजही पिले वो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बरं झालं आई."